डब्यावरचे बाळ

दिवाळी आली की आमच्या घरी माळा उतरतो. म्हणजे माळा जागच्या जागीच राहतो. त्यावरचे सामान तेवढे खाली येते आणि घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. यंदा त्या पसाऱ्यात एक जुना डबा निघाला. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीचा. पत्रा गंजला आहे, रंग उडाला आहे, पण वरचे गुटगुटीत बाळ अजून हसतेच आहे.

धाकटी सून दोन महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. डबा निरखून म्हणाली, "आई, हल्ली डब्यावर असं बाळ दिसत नाही हो!"

बरोबर आहे. आपल्याकडे १९९२ साली कायदा झाला. बाळाच्या दुधाच्या डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापायचे नाही, जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, असे त्यात आहे. चित्राला बंदी कशाला, असे कोणाला वाटेल. मला वाटत नाही. त्या हसऱ्या बाळाने मला एकदा चांगलेच फसवले आहे.

माझा थोरला १९८१ च्या जूनमधला. गिरगावातल्या एका प्रसूतिगृहात झाला. तिसऱ्या दिवशी परिचारिका आली आणि म्हणाली, "बाई, तुमचं दूध पुरायचं नाही बाळाला. हा डबा असू द्या. पैसे नकोत." (कंपनीचे नाव सांगत नाही, पुढे जिचे नाव येणार आहे तिचा हा डबा नव्हे.) सासूबाई म्हणत होत्या, "अगं, पाजत राहा. येईल दूध." पण सासूबाई चौथी शिकलेल्या, मी शाळेत शिकवणारी, आणि परिचारिकेच्या डोक्यावर पांढरी टोपी! मी टोपीचे ऐकले.

आईचे दूध विहिरीसारखे असते. उपसा चालू असला तर झरे वाहतात, उपसा थांबला की आटतात. बाळ डब्यातल्या दुधाने पोट भरू लागले की अंगावर कमी ओढते, आणि तेवढेच दूध कमी तयार होते. फुकटचा डबा संपेपर्यंत परिचारिकेचे भाकीत खरे होऊन बसलेले असते! दुसरा डबा मात्र पैसे मोजून आणावा लागतो.

तसे आम्ही आणू लागलो. दोघांच्या पगारात भाडे, सासऱ्यांची औषधे आणि हे डबे. डब्यावर चार चमचे लिहिलेले असत; मी तीन घाली. वीस तारखेनंतर कधी अडीच. पाणी तेवढेच. यजमानांना हे मी आजवर सांगितलेले नाही. ते हा अंक वाचतात, तेव्हा आता कळेलच. मुलाला जुलाब लागले, मांड्या सुकल्या. डॉक्टरांनी वजन केले आणि एवढेच विचारले, "पाण्यात दूध घालता की दुधात पाणी?" मी खाली मान घातली.

पुढे वाचनात आले की माझी गोष्ट आधीच छापून झाली होती. १९७४ साली लंडनच्या 'वॉर ऑन वाँट' या संस्थेने माइक मुलर यांची एक पुस्तिका काढली. गरीब देशांत परिचारिकेच्या वेषातल्या विक्रेत्या बाळंतिणींकडे जातात. डबा महाग, पाणी अस्वच्छ, म्हणून आया दूध पातळ करतात, असे त्यात होते. स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने तिच्या भाषांतराला 'नेस्ले बाळांना मारते' असे नाव दिले. कंपनीने बर्नच्या कोर्टात खटला भरला. १९७६ साली तेरा जणांना प्रत्येकी तीनशे फ्रँक दंड झाला. पण तुमच्या जाहिरातीच्या रीतीचा विचार करा, असे न्यायाधीशांनी कंपनीलाही सुनावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत तिच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ मते, विरुद्ध एक, अमेरिकेचे. ठराव जिनिव्हात झाला. महिन्याभराने डबा गिरगावात माझ्या उशाशी आला.

भुकटीवर माझा राग नाही. आई नसलेली, आजारी आईची मुले त्यावर वाढतात आणि त्यांना ती हवीच. धडधाकट बाईच्या मनात स्वतःच्या दुधाविषयी शंका पेरायची आणि मग उत्तर विकायचे, हा धंदा मला खुपतो.

आपला कायदा २००३ साली आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या इतर खाण्याचीही जाहिरात बंद झाली. तरी २०२४ साली 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने दाखवून दिले की नेस्लेच्या भारतातल्या सेरेलॅकमध्ये वरून घातलेली साखर आहे, एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये विकतात त्यात ती नव्हती. आम्ही इथल्या नियमांतच आहोत आणि पाच वर्षांत साखर तीस टक्क्यांपर्यंत कमी केली, असे कंपनीचे म्हणणे. असेल. पण तिकडच्या बाळाला नको असलेला गोडवा इकडच्या बाळाला हवा, हे ठरवले कोणी?

हे सगळे सांगत असताना सून गप्प होती. मग मोबाईल पुढे करीत हळूच म्हणाली, "आई, यात एक ताई सांगतात, बाळ रात्री सारखं उठत असेल तर दूध कमी पडतंय समजा. आपली किती वेळा उठते! पुरत असेल ना हो माझं?"

या ताईंच्या डोक्यावर टोपी नव्हती.

"पाजत राहा गं," मी म्हटले, आणि सासूबाईंचाच आवाज आपल्या तोंडून आल्यासारखा वाटला. सकाळी दवाखान्यात नेऊन पोरीचे वजन केले. महिन्याभरात आठशे ग्रॅम वाढले होते.