मायसेनचे ड्रॅगन आणि सोन्याची कड

पोर्सिलेन : केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ यांचे मिश्रण. सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर पाणी शोषत नाही. पातळ कडेतून उजेड आरपार दिसतो.

मायसेन : जर्मनीतील सॅक्सनीचे गाव. कारखाना १७१० पासून, तेथील शासक ऑगस्टस द स्ट्राँगच्या आश्रयाने. खूण : एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी.

काल्पनिक प्राणी : चिनी-जपानी भांड्यांवरून स्फूर्ती घेतलेले. १७३० च्या दशकात चित्रकार आडाम फ्रीड्रिख फॉन लोवेनफिंकचे अद्भुत प्राणी गाजले. तांबड्या ड्रॅगनची नक्षी तर १९१८ पर्यंत सॅक्सन दरबारासाठीच राखीव होती.

रंग : कोबाल्टचा निळा झिलईखाली, मुख्य भट्टीची आच तो सोसतो. बहुतेक इतर रंग झिलईवर, साधारण ८०० अंशांना पक्के होतात. ड्रॅगनचे खवले, नख्या, मिशा बारीक कुंचल्याने.

सोने : बहुधा सर्वांत शेवटी.
- घोटीव सोने : भट्टीतून मंद, निस्तेज निघते. अकीकाच्या गुळगुळीत टोकाने घासल्यावरच झळाळते.
- द्रव सोने : लावताना तपकिरी, भाजल्यावर आपोआप चकचकीत. थर पातळ, म्हणून लवकर झिजते.

सोनेरी कडेचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, ठिणग्या उडतात.