हात, काठी आणि मोजपट्टी

आपल्या वसतिगृहातील इयत्ता पाचवीच्या मुलांची संध्याकाळची अभ्यासिका गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे. मी इतिहासाचा शिक्षक. परंतु निवासी शाळेत दिवेलागणीनंतर विषयांची वाटणी फारशी उरत नाही. नव्याने दाखल झालेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात मी एक पेन्सिल आणि कंपासपेटीतील पट्टी देतो व पेन्सिलीची लांबी विचारतो. पेन्सिल १२ सेंटिमीटरची असेल, तर कोणी १२ सांगतो, कोणी १३ आणि कोणी साडेअकरा. पेन्सिल एकच, पट्टीही एकाच कंपनीची, आणि उत्तरे तीन.

साडेअकरा सांगणाऱ्या मुलाने पेन्सिलीचे टोक प्लॅस्टिकच्या कडेला टेकवलेले असते. पट्टीची कड आणि पट्टीवरील शून्य या दोन वेगळ्या जागा आहेत; शून्याची रेघ कडेपासून थोडी आत असते. तेरा सांगणाऱ्याने मात्र पेन्सिलीचे टोक १ या आकड्यावर ठेवलेले असते. त्याची चूक हसण्यासारखी नाही. शेळ्या मोजताना, भाकरी मोजताना, रांगेतील मुले मोजताना आपण एकापासूनच सुरुवात करतो. तोच नियम त्याने पट्टीला लावला. लांबी मोजताना मात्र आपण रेघा मोजत नाही, रेघांमधील अंतरे मोजतो. शेताच्या बांधावर सरळ रेषेत १३ खांब रोवले, तर त्यांच्यामधील गाळे बाराच होतात. हे उदाहरण शेतकऱ्याच्या मुलाला एकदा दिले की पुरते.

नंतर मी त्यांच्या हातात एक मोडकी पट्टी देतो. तिचा ४ पर्यंतचा तुकडा केव्हाच हरवला आहे. पेन्सिलीचे एक टोक ४ वर आणि दुसरे १६ वर येते. ज्या मुलाला सोळातून चार वजा करण्याचे सुचते, त्याला मोजमाप समजले असे मी धरून चालतो. आमच्या अभ्यासिकेतील सर्वांत उपयुक्त शैक्षणिक साहित्य कोणते, असे कोणी विचारल्यास मी ही मोडकी पट्टी दाखवीन.

पट्टी येण्यापूर्वी माणूस स्वतःच्या देहाने मोजत असे, आणि आपल्याकडे अजूनही मोजतो. बारा अंगुलांची वीत, दोन वितींचा हात. विहिरीची खोली परसाने, म्हणजे माणसाच्या उंचीने सांगितली जाई. ही मापे सोयीची होती. विसरून घरी राहण्याचा प्रश्न नव्हता. अडचण एकच होती: हात कोणाचा?

हा प्रश्न भिक्खू संघापुढेही उभा राहिला होता. विनयपिटकात भिक्खूने स्वतःसाठी बांधावयाच्या कुटीचे माप आतून १२ विती लांब आणि ७ विती रुंद असे ठरवून दिलेले आहे; पण वीत कोणाची, तर सुगताची, म्हणजे स्वतः तथागतांची. चीवराच्या मापाची कथा तर मुलांना फार आवडते. तथागतांच्या मावशीचा मुलगा नंद हा त्यांच्याहून अवघा चार अंगुले ठेंगणा होता आणि तथागतांच्या चीवराएवढेच चीवर वापरीत असे. दुरून येणारा नंद पाहून थेर भिक्खू तथागत आले असे समजून आसनावरून उठत. त्यानंतर नियम झाला की भिक्खूचे चीवर सुगताच्या चीवराहून लहान असावे, आणि सुगताच्या चीवराचे माप ९ विती लांब व ६ विती रुंद असे नोंदवले गेले.

पुढे महापरिनिर्वाणानंतर शतके लोटली. वीत मोजावयास ती वीत राहिली नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोषांच्या अट्ठकथेत सुगताची वीत म्हणजे मध्यम माणसाच्या तीन विती, असे स्पष्टीकरण दिले गेले. याचा परिणाम पाहा. साधी वीत ९ इंचांची धरली तर कुटी ९ फूट लांब आणि सव्वापाच फूट रुंद होते. अट्ठकथेचे माप धरले तर तीच कुटी २७ फूट लांब आणि पावणेसोळा फूट रुंद होते. नियमाचे शब्द तेच. एका अर्थाने एका माणसाची झोपण्याची जागा, दुसऱ्या अर्थाने आपल्या एका वर्गखोलीएवढे दालन. अट्ठकथाकारांवर टीका करण्याची माझी पात्रता नाही. पण मापाची मूळ प्रत जपून ठेवलेली नसेल तर शब्द कितीही जपले तरी माप हरवते, हे यावरून दिसते.

देहापासून सुटे झालेले मापही आपल्या भूमीला नवे नाही. गुजरातेतील लोथल येथील उत्खननात हस्तिदंती पट्टीचा तुकडा सापडला आहे. त्यावर ४६ मिलिमीटर लांबीत २७ रेघा आहेत, म्हणजे दोन रेघांमध्ये दोन मिलिमीटरहूनही कमी अंतर. आमच्या मुलांची प्लॅस्टिकची पट्टी याहून फार बारीक नाही.

जमिनीच्या बाबतीत माप हा थेट पोटाचा प्रश्न होतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्यातील जमीन मोजणीचे वर्णन सभासदाच्या बखरीत आले आहे. पाच हात व पाच मुठींची काठी. अशा २० काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. यात इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे अशी बाब पुढे आहे: हात १४ तसूंचा असावा आणि काठी एकूण ८२ तसूंची असावी, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे मोजणीस येणाऱ्या कारकुनाचा हात किंवा पाटलाचा हात चालणार नाही; हात किती लांब हे राज्य ठरवील. याचे महत्त्व हिशेबाने कळते. काठी विसाव्या हिश्श्याने आखूड केली, तर त्याच शेताचे बिघे सुमारे ११ टक्क्यांनी वाढतात, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही त्याच काठीने मोजली जाते. शेत तेवढेच, सारा मात्र वाढलेला.

त्यानंतर गज आले, वार आले, फूट आणि इंच आले. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा गुंठा आजही आपल्या बोलण्यात आहे, जरी सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा त्याहून एका चौरस मीटरने किंचित मोठा. मीटरचा जन्म फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे १७९१ साली ठरले. कोणा राजाचा पाय किंवा हात नको, सर्वांच्या पायाखालची पृथ्वी हेच माप असावे, ही त्यामागील कल्पना. प्रत्यक्ष मोजणीत थोडी चूक राहिली आणि मीटर सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड झाला, ते वेगळे. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरवला जातो.

आपल्या देशात वजने व मापे यांची मानके ठरवण्याचा अधिकार संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत, ५० व्या नोंदीत आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीचे काम आपण मूलभूत हक्कांच्या संदर्भात आठवतो, ते योग्यच आहे. पण ही एका ओळीची नोंदही वाचावी. तिच्या आधारे १९५६ साली वजने व मापे यांचा कायदा झाला, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. तोपर्यंत एका बाजाराचा शेर दुसऱ्या बाजारात चालेलच अशी खात्री नव्हती.

आता घरची एक गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळात माझी आई मातीकामावर जात होती. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. पण कामाच्या मापावर मजुरी ही पद्धत दुष्काळी कामांवरही होती. खोदलेली माती घनफुटांत मोजायची. १०० घनफुटांचा एक ब्रास. मूळ जमिनीची उंची कळावी म्हणून खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खोदता तसाच ठेवीत. आईची तक्रार आयुष्यभर एकच होती: "म्या माझ्या हातानं सात हात भरवलं व्हतं. सात हात म्हंजी साडेधा फूट. त्यांच्या टेपीनं धा फूट बी भरलं न्हाई." लबाडी झाली, यावर ती ठाम होती, आणि लहानपणी मीही.

नोकरी लागल्यावर एकदा सहज मी आईचा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला. तो ४३ सेंटिमीटर भरला. सात हातांचे ३०१ सेंटिमीटर, म्हणजे ९ फूट साडेदहा इंच. आई ठेंगणी होती. दीड फुटाचा हात तिचा नव्हताच. टेप खरी असण्याचा पूर्ण संभव होता. मी हिशेब सांगितला तेव्हा ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मंग तव्हाच कुणी सांगितलं असतं तर."

मात्र दुसरी बाजूही मला गणिताने दिसते. कापडी टेप वापरून ताणली जाते. समजा, ती इतकी ताणली की १० फूट अंतर ९.८ फूट दाखवू लागली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा म्हणजे बरोबर एक ब्रास. तीन्ही मापे त्याच टेपने घेतली तर हिशेब ९.८ × ९.८ × ०.९८, म्हणजे सुमारे ९४ घनफूट. दहा फुटांत सुमारे अडीच इंचांची चूक आणि जवळजवळ सहा घनफुटांची मजुरी गेली. कोणी लबाडी न करताही गेली. खड्ड्यात उभ्या असलेल्या बाईला टेपवरचे आकडे वाचता आले असते, तर आपला हात खोटा की टेप खोटी, हे तिने तेथेच पाहून घेतले असते. तेवढेच तिला येत नव्हते.

पालकांनी घरी मुलांकडून मोजून घ्यावे, यासाठी फार साहित्य लागत नाही. वस्तूचे टोक शून्याच्या रेघेवर, पट्टी वस्तूला समांतर आणि डोळा रेघेच्या बरोबर वर. तिरकस पाहिले की एखाददुसरा मिलिमीटर इकडेतिकडे होतो. आकड्यापुढे एकक लिहिलेच पाहिजे, कारण नुसते "१२" हे उत्तर नव्हे. घागरीचा घेर पट्टीने मोजता येत नाही. दोरा गुंडाळावा आणि दोरा मोजावा. वहीच्या एका पानाची जाडी पट्टीवर दिसत नाही. १०० पाने दाबून मोजावीत, ती ९ मिलिमीटर भरली तर एक पान ०.०९ मिलिमीटरचे. पट्टी नसेल तर ५०० रुपयांची नोट बरोबर १५ सेंटिमीटर लांब असते, १०० रुपयांची १४.२ आणि १० रुपयांची नवी नोट १२.३ सेंटिमीटर. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर. कापड दुकानात गेल्यावर मुलाला लोखंडी मीटरच्या टोकाशी असलेली वैधमापनशास्त्र विभागाची मुद्रा शोधायला सांगावी. दुकानदारांनी रागावण्याचे कारण नाही. आणि मोजण्यापूर्वी अंदाज लिहायला लावावा. आमच्या मुलांचे अंदाज जूनमध्ये दुपटीने चुकतात, दिवाळीनंतर बोटभर.

अभ्यासिकेतील टेबल आम्ही वर्षातून दोनदा मोजतो, हाताने आणि पट्टीने. मागील वर्षी एका मुलाच्या वहीत जूनची नोंद होती: माझा हात ३४ सेंटिमीटर, टेबल साडेतीन हात. मार्चमध्ये तेच टेबल सव्वातीन हातांहून थोडेसेच अधिक भरले. तो पुन्हा पुन्हा मोजून वैतागला आणि म्हणाला, "सर, टेबल आखडलं." पट्टीने मोजले तेव्हा टेबल दोन्ही वेळा १२० सेंटिमीटरच होते. मग त्याने स्वतःचा हात मोजला. तो ३६ भरला.