साखरेचा सांताक्लॉज उभा कसा राहतो

नाताळच्या केकवर लाल टोपीचा सांताक्लॉज उभा असतो, शेजारी मफलर गुंडाळलेला स्नोमॅन किंवा शिंगांचे रेनडिअर. या आकृती प्लास्टिकच्या नसून खाण्याजोग्या असतील, तर त्या बहुधा तीनपैकी एका पदार्थाच्या असतात: साखरेचा लगदा म्हणजे फॉन्डंट, बदाम किंवा काजूचे मार्झिपान, आणि मॉडेलिंग चॉकलेट. तिन्ही पदार्थ हाताने मळता येतात आणि तिन्हींना आकार देता येतो, पण आकार टिकवण्याची रीत प्रत्येकाची वेगळी. फॉन्डंट पाणी गमावून कडक होतो, मार्झिपान काजू-बदामातल्या तेलामुळे मऊच राहते आणि चॉकलेट थंडाव्याने घट्ट होते. हा फरक समजला की आकृती का कलते, का चिघळते, का तडकते, याची बहुतेक उत्तरे मिळतात. बोटांची सफाई महत्त्वाची आहेच, पण आकृती उभी राहते ती आधी पाण्याच्या हिशेबावर.

साखर डिंकात मळून आकृती करण्याची कला युरोपात जुनी आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडमधल्या श्रीमंत मेजवान्यांत साखरेचे किल्ले, पशुपक्षी, अगदी ताटवाट्यासुद्धा मांडल्या जात. सर ह्यू प्लॅट यांच्या सतराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘डिलाइट्स फॉर लेडीज’ या पुस्तकात अशा लगद्याची कृती आहे. त्यात गुलाबपाण्यात भिजवलेला ट्रॅगाकांथ डिंक आणि बारीक साखर एकत्र मळायला सांगितली आहे. पुढे नाताळानंतरच्या बाराव्या दिवसाच्या केकवर राजे, राण्या आणि मुकुट विराजमान झाले. लंडनच्या मिठाईवाल्यांच्या खिडक्यांसमोर हे केक पाहायला गर्दी लोटत असे. एकोणिसाव्या शतकात बाराव्या दिवसाचा सण मागे पडला आणि तो सजवलेला केक नाताळकडे सरकला. मार्झिपानची वाट निराळी आहे. सिसिलीतल्या पालेर्मोमध्ये मार्तोराना मठाच्या नावाने ओळखली जाणारी मार्झिपानची फळे पितरांच्या दिवसासाठी होतात, तर जर्मनीत नववर्षाला शुभशकुन म्हणून मार्झिपानचे डुक्कर भेट देतात.

महाराष्ट्राला सणाच्या साखरेचे आकार नवे नाहीत. गुढीपाडव्याच्या गाठी हे त्याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. मात्र गाठीत कढवलेला पाक साच्यात ओततात आणि साखरेचे स्फटिक बनून तो घट्ट होतो. फॉन्डंटमध्ये साखर दळलेली असते, तिला डिंक आणि जिलेटिन धरून ठेवतात आणि ओलावा हळूहळू उडून गेल्यावर ती वाळते. म्हणून गाठ थोड्याच वेळात तयार होते, सांताक्लॉजला मात्र दोन-तीन दिवस लागतात.

घरी फॉन्डंट करताना साधारण १ किलो आयसिंग शुगरला ६० मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम जिलेटिन, अर्धी वाटी लिक्विड ग्लुकोज आणि एक मोठा चमचा ग्लिसरिन घेतात. शाकाहारी फॉन्डंटमध्ये जिलेटिनच्या जागी वनस्पतिजन्य डिंक असतात. यातले ग्लिसरिन नीट समजून घ्यायला हवे. ते हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे केकवर लाटून घातलेला थर कापताना मऊ राहतो. आकृतीला मात्र हाच गुण मारक ठरतो, कारण तिला वाळायचे असते. केकवर घालायच्या फॉन्डंटचाच जसाच्या तसा सांताक्लॉज केला, तर तो रात्रीतून कमरेत बसतो. त्यावर उपाय सीएमसीचा. सीएमसी म्हणजे सेल्युलोजपासून केलेली पांढरी पूड. बेकरी सामानाच्या दुकानात ती याच नावाने किंवा टायलोज म्हणून मिळते. पाव किलो फॉन्डंटला सपाट एक छोटा चमचा पूड मळून गोळा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून काही तास ठेवला, की पूड पाणी शोषून फुगते आणि गोळ्याला ताण येतो. ओढल्यावर तो लगेच तुटत नाही आणि दाबलेला आकार सोडत नाही. पूड जास्त झाली तर मळतानाच पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. हाताला चिमूटभर वनस्पती तूप लावले की त्या बुजतात. चिकटपणासाठी मात्र कॉर्नफ्लोअर भुरभुरवावे लागते, तेही बेताने, नाहीतर लाल रंगावर पांढरे डाग उमटतात.

रंगाचे काम आदल्या दिवशी उरकलेले बरे. पाण्यासारखे पातळ रंग लगदा चिकट करतात, म्हणून जेल रंग वापरतात. गडद लाल आणि काळा यांना रंग इतका लागतो की गोळा सैल पडतो आणि चवीला कडवट होतो. यासाठी पुष्कळ कारागीर हे दोन रंग तयार फॉन्डंटमध्येच विकत घेतात, आणि ते शहाणपणाचे आहे. घरी रंगवलाच तर फिकट लालवर थांबावे. रात्रभरात तो आपोआप गडद होतो. कामाचा क्रमही ठरलेला असतो: आधी पांढरे भाग, मग त्वचेचा रंग, नंतर लाल, शेवटी काळा. लाल रंगाने माखलेल्या बोटांनी दाढी करायला बसले की ती गुलाबीच होते.

टोपीसकट नऊ-दहा सेंटिमीटर उंचीच्या सांताक्लॉजला साधारण ८० ग्रॅम लगदा लागतो. त्यातला निम्मा, म्हणजे ४० ग्रॅम, धडाला जातो. आधी भेग नसलेला गुळगुळीत गोळा करतात, मग तळहातावर एका बाजूने दाब देत त्याचा शंकू वळतात. रुंद तळ खाली राहतो आणि आकृतीचा तोल तिथेच ठरतो. माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सात-साडेसातपट असते. केकवरच्या आकृतीत ती तीनपट ठेवतात, म्हणून १५ ग्रॅमचे डोके धडाच्या मानाने मोठे दिसते आणि चेहरा लहान मुलासारखा लोभस वाटतो. डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या किंचित खाली ठेवले तर हा परिणाम आणखी वाढतो. डोळ्यांच्या खोबण्या बॉल टूलने आधी दाबून घेतात, मग मोहरीएवढ्या काळ्या गोळ्या त्यात बसवतात. स्ट्रॉ तिरपी कापून तिची कड दाबली की हसू उमटते. दाढी म्हणजे थेंबाच्या आकाराचा चपटा तुकडा, त्यावर सुरीच्या पाठीने ओढलेल्या लाटा. टोपी हा दुसरा छोटा शंकू. त्याचे टोक वाकवून तिथे पांढरा गोंडा लावतात.

सगळ्यात जास्त बिघाड जोडणीत होतो. ताजे भाग ताज्या भागांवर रचले की वजनाने खालचा दबतो. म्हणून धड करून ते किमान एक दिवस वाळू देतात आणि मगच डोके बसवतात. आधारासाठी धडात कच्च्या स्पॅगेटीची काडी खोचतात. ती कडक असते आणि चुकून दाताखाली आली तरी इजा करत नाही. टूथपिक आणि तार वापरण्याचा मोह टाळावा, विशेषतः केक मुलांच्या हाती जाणार असेल तेव्हा. चिकटवायला दोन मोठे चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात पाव छोटा चमचा सीएमसी घालून रात्रभर ठेवतात. त्याचा पारदर्शक, खाण्याजोगा डिंक बनतो. तो ब्रशच्या टोकाने नावापुरता लावायचा. जास्त लावला तर साखर विरघळते आणि हात खांद्यावरून घसरत खाली येतो.

स्नोमॅन नवशिक्यांसाठी सर्वांत सोपा: दोन गोळे, गाजराचे नाक, मफलर. रेनडिअर अवघड, कारण चार बारीक पायांवर धड तोलणे फॉन्डंटला झेपत नाही. अनुभवी कारागीर त्याला सरळ बसलेले दाखवतात, पाय पुढे पसरून. शिंगे मात्र दोन-तीन दिवस आधी करून कडक वाळवलेली लागतात.

मार्झिपानला असे बारीक अवयव मानवत नाहीत. मळताना हाताची ऊब जास्त लागली तर त्याला तेल सुटते, आणि वाळले तरी ते फॉन्डंटसारखे खणखणीत होत नाही. त्याचा मूळ रंग पिवळसर असल्यामुळे शुभ्र स्नोमॅनही त्यातून निघत नाही. त्याला भरीव, गोलसर आकार शोभतात. गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळात येणारे मार्झिपान बदामाऐवजी काजूचे असते. काजूचे झाड पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणले, आणि बदामाच्या मिठाईला इथल्या मातीत रुजलेली बी मिळाली. काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा भाग आणि गुलाबपाणी मंद आचेवर ढवळत राहतात; मिश्रण कडा सोडू लागले की उतरवतात. कोमट असतानाच मळून रबरी साच्यात दाबले की घंटा, तारे आणि फुले निघतात. चवीचा विचार केला तर तिन्ही पदार्थांत हे सरस आहे; फॉन्डंटची आकृती पाहायला सुरेख, पण खायला नुसती गोड.

मॉडेलिंग चॉकलेट वितळवलेल्या चॉकलेटमध्ये लिक्विड ग्लुकोज मिसळून करतात. डार्क चॉकलेटला वजनाच्या सुमारे निम्मे, पांढऱ्याला त्याहून कमी ग्लुकोज पुरते. रात्रभर ठेवल्यावर ते मळता येते. कोको बटर ३४ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, त्यामुळे हातात ते लवकर ढिले पडते आणि अधूनमधून गार करावे लागते.

हवेचा परिणाम सर्वांत जास्त फॉन्डंटवर होतो. शुद्ध साखर सुमारे ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. ग्लुकोज आणि ग्लिसरिन मिसळलेला लगदा त्याआधीच चिकट होतो. कोकणपट्टीवर डिसेंबर त्या मानाने कोरडा असतो, हे नाताळच्या कारागिरांचे भाग्य. हेच काम जुलैत केले तर आकृती आठवडाभर वाळत नाही. एसीची खोली किंवा डब्यात सिलिका जेलच्या पुड्या यांचा आधार घ्यावा लागतो. दुसरी अडचण फ्रिजची. आपल्याकडचे बहुतेक केक ताज्या क्रीमचे, म्हणून ते फ्रिजमध्येच राहतात. बाहेर काढल्यावर गार आकृतीवर हवेतली वाफ थिजते, लाल रंग ओघळतो आणि क्रीमला टेकलेला तळ विरघळतो. म्हणून आकृती वेगळी ठेवून केक कापण्याच्या थोडेच आधी बसवतात, तीही चॉकलेटच्या पातळ चकतीवर. सुक्यामेव्याच्या पारंपरिक नाताळ केकला ही अडचण नसते, कारण तो बाहेरच राहतो.

सोनेरी-रुपेरी चमकी घेताना वेष्टन वाचावे. ‘नॉन-टॉक्सिक’ म्हणजे विषारी नाही एवढेच. खाण्याजोगी असल्याचे स्पष्ट लिहिलेले असेल तरच ती आकृतीवर लावावी. मार्झिपान असल्यास काजू-बदामाची ॲलर्जी असलेल्यांना आधी सांगावे. पूर्ण वाळलेली फॉन्डंटची आकृती कागदी खोक्यात, उन्हापासून दूर, काही महिने टिकते. हवाबंद डब्यात उरलासुरला ओलावा कोंडला जाऊन ती मऊ पडते. मार्झिपानचे याच्या उलट: ते हवाबंद डब्यात, फ्रिजमध्येच ठेवावे, आणि अंडे घालून केलेले असेल तर लवकर संपवावे.