तांत्रिक लेखनातील संज्ञा आणि एकके

ललित लेखनात एकच शब्द वारंवार आला, तर आपण त्यास पुनरुक्ती म्हणतो आणि पर्यायी शब्द शोधतो. अर्जाच्या सूचना, मोजणीचे अहवाल, माहितीपुस्तिका अशा तांत्रिक लेखनात हीच सवय घातक ठरते. तेथे एका संकल्पनेसाठी आरंभापासून अखेरपर्यंत एकच संज्ञा वापरावी.

औसा तालुक्यातील जमिनीची कागदपत्रे पाहा. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. परिणामी एकाच शेतासाठी जुने खासरा पत्रक आणि आजचा सातबारा उतारा शेजारी ठेवून वाचावे लागतात. हैदराबादच्या महसुली भाषेत ‘पट्टेदार’ म्हणजे सरकारकडे थेट सारा भरणारा जमीनधारक. आजच्या कायदेशीर मराठीत मात्र ‘पट्टेदार’ म्हणजे भाडेपट्ट्याने जमीन घेणारा. संज्ञेचा अर्थ प्रथम उल्लेखातच स्पष्ट न केल्यास मालकाचा कूळ व्हावा, इतका हा फरक आहे!

अंकांचेही तसेच. जुन्या नोंदीतील २.२० म्हणजे २ एकर २० गुंठे, अर्थात अडीच एकर. कारण एकराचे गुंठे ४० असतात. आजच्या उताऱ्यातील २.२० म्हणजे २ हेक्टर २० आर, अर्थात सुमारे ५ एकर १७ गुंठे. त्यात गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चौरस मीटरचा. त्यामुळे बोलताना दोन्ही सहज एक मानले जातात. म्हणून प्रत्येक अंकापुढे एकक लिहावे. ‘वरीलप्रमाणे’ म्हणून भागवू नये.

राज्य शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले आणि पुढे पदनाम कोश, शासन व्यवहार कोश सिद्ध झाले. संज्ञा निवडताना प्रथम हे कोश पाहावेत. मात्र कोशातील शब्द वाचकास अपरिचित असेल, तर रूढ शब्द एकदा कंसात द्यावा.

वाक्यरचनेविषयी एकच सूचना: कर्ता लपवू नका. ‘मोजणीसाठी अर्ज सादर करण्यात यावा’ या वाक्यात अर्ज कोणी आणि कोठे द्यायचा, हे कळत नाही. ‘खातेदाराने मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात द्यावा’ हे वाक्य लांब असले, तरी वाचकाचा हेलपाटा वाचवते.

आता घरातील एखादा सातबारा उतारा घ्या आणि त्यातील क्षेत्राची नोंद एककासह, पूर्ण वाक्यात लिहून पाहा.