तबकडीचे वेष्टन आणि दोन लिप्या

गाणे ऐकायचे कानांनी, मग त्याच्या वेष्टनाचा एवढा खटाटोप कशाला, असे पुष्कळांना वाटते. प्रकल्पाचे ध्वनिमुद्रण संपले तेव्हा आमच्या गटालाही तसेच वाटले होते. पण खरी परीक्षा पुढेच होती.

‘अल्बम’ हा शब्द कोठून आला ते प्रथम पाहू. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच गायन मावे. मोठी रचना अनेक तबकड्यांवर विभागली जाई आणि त्या तबकड्या छायाचित्रांच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत ठेवीत. हे पुठ्ठे बहुधा साधेच असत. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्यांवर चित्रे आणली. १९४८ साली त्याच कंपनीने लाँग प्ले तबकडी काढली व चित्रकाराला बारा इंची चौकोन मिळाला. १९८२ साली सीडी आली आणि चौकोन १२ सेंटिमीटरांवर आला. आज मोबाइलवर तो नखाएवढा दिसतो. म्हणून चित्र एकच, पण ठसठशीत हवे. काढलेले चित्र नखाएवढे करून पाहावे. तेव्हाही ओळखू आले तर ते टिकले.

आमच्या सीडीवर जात्यावरच्या मराठी ओव्या होत्या आणि कन्नड बीसुकल्लिन पदेही. गाणाऱ्या आज्ज्या एकाच गल्लीतल्या. चित्र सहज सुचले. वरून पाहिले तर जाते तबकडीसारखेच : गोल, मध्ये भोक. पण नाव कोणत्या लिपीत वर घालायचे? आपल्या गावात हा प्रश्न किती नाजूक, हे वाचकांना सांगायला नको. गट फुटायचीच वेळ आली होती.

उत्तर वेष्टनाच्या घडणीतच सापडले. बीटल्सच्या १९६९ मधील ‘अ‍ॅबी रोड’च्या दर्शनी बाजूवर ना गायकांचे नाव, ना अल्बमचे. आम्हीही दर्शनी बाजूवर केवळ जाते ठेवले. आतल्या पुस्तिकेत एका बाजूने मराठी, ती उलटी फिरवली की कन्नड, दोन्हीकडून मुखपृष्ठच. मधोमध टाचलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत लागतात, म्हणून सोळा पाने धरून आठ-आठ वाटली. प्लॅस्टिक डबीच्या मागचा कागद १५१ बाय ११८ मिलिमीटर असतो. त्याच्या दोन कडा दुमडून दोन कणे होतात. एकावर मराठी नाव, दुसऱ्यावर कन्नड.

अक्षरांचा आकार मात्र आकड्याने समान ठेवून भागत नाही. देवनागरीला शिरोरेषा, कन्नडला खाली ओत्तक्षरे. त्यामुळे कन्नड ओळींत अंतर थोडे अधिक सोडावे लागते. समतोल डोळ्यांनीच साधावा. कडेला कापण्यासाठी ३ मिलिमीटर चित्र जादा ठेवावे आणि रंग पडद्यावर न ठरवता छापील नमुन्यावर ठरवावेत.

शेवटची गोष्ट श्रेयनामावलीची. प्रथम आम्ही ठळक अक्षरांत आमचीच नावे घातली होती. नमुना पाहून एका आज्जींनी विचारले, “बाळांनो, ह्यात आमचं नाव कुठं आहे?” आम्ही खजील झालो. मागच्या कागदावर आता प्रत्येक गाण्यापुढे गाणारीचे नाव आहे, दोन्ही लिप्यांत. आमची नावे पुस्तिकेच्या मधल्या पानावर, बारीक टायपात आहेत. ती तेथेच शोभतात.