ऑनलाइन खरेदी आणि उगमस्थानाची सत्यता : देवगड हापूसच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

बनावट वस्तू म्हटले की नामांकित कंपनीचे घड्याळ, पादत्राणे किंवा औषधे यांची नक्कल डोळ्यांसमोर येते. तथापि सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रश्नाचे सर्वांत महत्त्वाचे रूप वेगळेच आहे. मार्च ते मे या मुख्य हंगामात 'देवगड हापूस' या नावाने जे फळ ऑनलाइन विकले जाते, ते सर्वच देवगडच्या कातळावरचे नसते. परराज्यांत, विशेषतः कर्नाटकात पिकलेला आंबा देवगड वा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो, ही येथील बागायतदारांची जुनी तक्रार आहे. अशी फसवणूक कशी शक्य होते, ती टाळण्यासाठी ग्राहकास कोणती साधने उपलब्ध आहेत आणि त्या साधनांच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. विक्रेत्यास मालाची प्रत ठाऊक असते, ग्राहकास नसते. त्यामुळे ग्राहक सरासरी प्रतीचीच किंमत देऊ करतो. ती किंमत उत्तम मालाच्या विक्रेत्यास परवडत नाही आणि तो हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. माहितीच्या विषमतेवरील कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये अन्य दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

आंब्याच्या बाबतीत ही विषमता अधिक खोल आहे. मंडईत ग्राहक फळ हातात घेतो, देठाजवळ वास घेतो. पडद्यावर केवळ छायाचित्र असते आणि तेही कोणत्याही बागेचे असू शकते. शिवाय कर्नाटकातील हापूस ही जात म्हणून हापूसच आहे. खोटे असते ते त्याचे सांगितलेले उगमस्थान. पातळ साल, केशरी गर व सुगंध या खुणा अनुभवी माणसास उपयोगी पडतात. परंतु पुण्या-मुंबईतील सामान्य ग्राहकास आंबा खाल्ल्यानंतरही तो कोठला हे खात्रीने सांगता येत नाही. अर्थशास्त्रात अशा गुणधर्मास 'विश्वासाधारित' गुणधर्म म्हणतात. त्याची परीक्षा जिभेने होत नाही, तर पुराव्याच्या साखळीनेच होऊ शकते.

भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण :

वस्तूंचे भौगोलिक निर्देशन (नोंदणी व संरक्षण) अधिनियम, १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याअन्वये ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या ५ जिल्ह्यांतील हापूसला मानांकन मिळाले. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. मालवण किंवा वेंगुर्ले तालुक्यातील आंबा हा मानांकित क्षेत्रातील अस्सल हापूस होय. मात्र तो 'देवगड हापूस' नव्हे. अर्थात, परराज्यातील फळ देवगडच्या नावाने खपते तेव्हा नुकसान केवळ देवगडचे होत नाही. स्वतःच्या गावाचे नाव प्रामाणिकपणे लावणारा मालवणचा बागायतदारही त्या स्पर्धेत मागे पडतो.

मानांकन नोंदले गेले म्हणजे प्रत्येक विक्रेत्यास ते वापरण्याचा अधिकार मिळतो असे नाही. त्यासाठी उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. म्हणून पेटीवरील मानांकनाच्या चिन्हापेक्षा अधिकृत वापरकर्त्याचे नाव व नोंदणी क्रमांक यांना अधिक महत्त्व आहे.

पडताळणीचा स्थानिक प्रयोग :

देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर विशिष्ट क्रमांकाचे, छेडछाड करता न येणारे स्टिकर लावण्याचा उपक्रम सुरू केला. क्रमांकाचा एक भाग दर्शनी व दुसरा स्टिकरखाली असतो. ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपद्वारे दोन्हींची पडताळणी करू शकतो. बागायतदाराकडील झाडांच्या संख्येच्या प्रमाणात स्टिकर देण्याची योजना असल्यामुळे, बाहेरचा माल आणून त्यावर अमर्याद स्टिकर लावण्यास आळा बसतो. रिकाम्या झालेल्या देवगड छापाच्या पेटीत दुसरा आंबा भरता येतो. फळावरील एकदा सोललेले स्टिकर मात्र पुन्हा उपयोगी पडत नाही.

तथापि हे स्टिकर उगम सांगते, पिकवण्याची पद्धत नव्हे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे, तर इथिलीन वायूचा वापर दशलक्षात १०० भागांपर्यंत अनुज्ञेय आहे. यास्तव पिकवण्याविषयीचा प्रश्न विक्रेत्यास स्वतंत्रपणे विचारणे इष्ट ठरते.

ग्राहकाने घ्यावयाची दक्षता :

१. विक्रेत्याचे नाव, पत्ता व संपर्क क्रमांक पाहावा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ही माहिती दर्शविणे बाजारमंचावर बंधनकारक आहे.

२. 'देवगडसारखा', 'कोकणी चवीचा' अशा संदिग्ध वर्णनांपासून सावध राहावे. बाग कोणत्या गावी आहे, हे लेखी विचारावे.

३. हंगामाबाहेर मोठ्या प्रमाणावर ताजे फळ देऊ करणारी किंवा प्रचलित भावापेक्षा फारच स्वस्त असलेली जाहिरात संशयास्पद मानावी.

४. केवळ अभिप्रायांवर विसंबू नये. ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास विक्रेत्यांना उपरोक्त नियमांनी मनाई केली आहे. यावरूनच हा प्रकार किती रुळलेला आहे हे ध्यानात येते.

५. समाजमाध्यमावरील अनोळखी पानावरून खरेदी करताना पावतीविना आगाऊ रक्कम पाठवू नये.

६. पेटी उघडतानाच चित्रफीत घ्यावी. जाहिरातीचे पान व पावती जपून ठेवावी. फळ नाशवंत असल्याने तक्रार त्याच दिवशी नोंदवावी.

दाद मागण्याचे मार्ग :

मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे व एका महिन्यात तिचे निवारण करणे नियमांना अभिप्रेत आहे. तेथे समाधान न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. पैसे घेऊन माल पाठविलाच नसेल, तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकास आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. विक्रेता मुंबईचा असला तरी कुडाळच्या ग्राहकास तेथे जाण्याचे कारण नाही.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे निष्पन्न होते की, ऑनलाइन बाजारात अस्सलपणा हा वस्तू पाहून नव्हे, तर पुरावा मागून ठरतो. कायदा व तंत्र ही साधने उपलब्ध आहेत; परंतु ग्राहकाने स्टिकर पडताळलेच नाही तर ते केवळ शोभेचे ठरते. ५ डझनांच्या एका पेटीतील फसवणूक ग्राहकास क्षुल्लक वाटेल. बागायतदाराचे मात्र वर्षाचे उत्पन्न या अल्प हंगामावर अवलंबून असते. अॅकरलॉफ यांच्या सिद्धांतातील उत्तम मालाचा विक्रेता आपल्या परिसरात राहतो आणि त्याची मुले आपल्याच वर्गात बसतात. यास्तव वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी माहितीची विषमता शिकविताना जुन्या मोटारींच्या जोडीला आंब्याची पेटीही वर्गात आणावी, तसेच एका फळाची पडताळणी विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावी, असे सुचवावेसे वाटते.