नॅरोबोट: भाडं वाचतं, पण दिवस खर्च होतो

लंडनमध्ये नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. "ताई, एका खोलीच्या भाड्यात अर्धा पगार जातो. यूट्यूबवर बघतो तर लोक कालव्यात बोटीवर राहतायत. घेऊन टाकू का एक?"

मी दीड वर्षापासून इंग्लंडच्या मिडलँड्स भागात नॅरोबोटवर राहतेय. सॉफ्टवेअरची नोकरी, तीही पूर्ण रिमोट. त्यामुळे बरेच जण विचारतात. थोडक्यात उत्तर असं: बोटीवर पैसे वाचू शकतात, पण त्या बदल्यात वेळ द्यावा लागतो. तो तुमच्याकडे आहे का, हे आधी बघा.

ही बोट इतकी अरुंद का?

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळसा आणि माल वाहायला कालवे खणले. पाणी आणि पैसा वाचावा म्हणून बऱ्याच ठिकाणी लॉक फक्त ७ फूट रुंद बांधले. म्हणून नॅरोबोट ७ फुटांपेक्षा थोडी कमीच रुंद असते. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत जाते. आपल्या रेल्वेच्या डब्यापेक्षाही अरुंद घर समजा. लांबी साधारण ५७ फुटांपर्यंत असेल तर बोट जवळपास सगळ्या कालव्यांत फिरते. "थोडी रुंद घेऊ, ऐसपैस राहू" म्हणून वाइडबीम घेतली, तर हे ७ फुटी लॉक तुमच्यासाठी कायमचे बंद.

१४ दिवसांचा नियम

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग 'कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट' ही संस्था सांभाळते. तिचं लायसन्स हवं. त्यासाठी बोटीचा विमा आणि दर चार वर्षांनी होणारं सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. पुढे दोन रस्ते आहेत. एक, बोट लावायची कायमची जागा, म्हणजे मूरिंग, भाड्याने घ्या. पण बहुतेक मूरिंगवर कायम राहायची परवानगी नसते, आणि लंडनमध्ये राहण्याची परवानगी असलेली जागा मिळणं महाकठीण.

दुसरा रस्ता म्हणजे मूरिंग न घेता सतत फिरत राहणं. रीलमध्ये दिसते ती हीच 'फुकट जागा'. १९९५ च्या कायद्यानुसार अशा बोटीने खराखुरा प्रवास करत राहायचं, एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. काही ठिकाणी मुदत याहून कमी. आणि दोन पुलांच्या मध्ये इकडून तिकडे, तिकडून इकडे केलेलं चालत नाही. वर्षभरातला तुमचा पल्ला २० मैलांपेक्षा कमी असेल, तर ट्रस्टचं समाधान होणं कठीण. मग लायसन्स अडतं, आणि प्रकरण टोकाला गेलं तर बोट पाण्यातून काढून नेतात. म्हणजे राहतं घरच जातं. शिवाय फिरत्या बोटींना २०२४ पासून लायसन्ससाठी जादा शुल्क आहे.

आता सांगा, ऑफिस एका जागी आणि घर दर पंधरवड्याला दुसरीकडे, जमेल?

२० मैल म्हणजे किती?

वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. बांधून ठेवलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून हळू, नाहीतर त्यांचे खुंटे उपटतात आणि आतला चहा सांडतो. हिशोबाचं सूत्र सोपं आहे: मैल अधिक लॉक, भागिले ३. १२ मैल आणि १२ लॉक असतील तर ८ तास. अख्खा दिवस गेला.

लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, किल्लीने झडपा उघडायच्या, पाण्याची पातळी जुळली की पुढचं दार ढकलायचं. एकदा लॉक भरायला लाखभर लिटरहून जास्त पाणी लागतं. खाली उतरताना एक गोष्ट जिवाशी गाठ असते. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली एक उंबरठा असतो. पाणी उतरताना बोटीची मागची बाजू त्यावर अडकली, तर पुढची बाजू खाली झुकते आणि बोट बुडू शकते. म्हणून काठावर पांढरी खूण असते, बोट कायम तिच्या पुढे ठेवायची. झडपेवर उभ्या माणसाने मोबाइल खिशातच ठेवायचा. कृपया.

पाणी, वीज आणि... ते

मी लातूरची. २०१६ साली आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, त्यामुळे बादलीत आंघोळ मला नवी नाही. माझी टाकी ५०० लिटरची. जपून वापरली तर एकटीला दोन आठवडे पुरते. मग बोट नळापर्यंत न्यायची आणि तासभर पाइप धरून उभं राहायचं. आई फोनवर म्हणते, "इतक्या लांब जाऊन शेवटी पाणीच भरतेस!"

वीज बघा. ११० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या, १२ व्होल्ट. कागदावर साधारण ५.३ युनिट. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हातात २.६ युनिट. लॅपटॉपला आठ तासांत अर्धा युनिट, फ्रिजला दिवसाला साधारण तेवढंच, वर दिवे, पंप, राउटर. उन्हाळ्यात छतावरचं सोलर हे सगळं भागवतं. डिसेंबरमध्ये सोलर जवळपास शोभेचं. मग इंजिन चालवून चार्जिंग. तेही रात्री ८ ते सकाळी ८ बंद, शेजाऱ्यांची झोप असते. आमचं प्रॉडक्शन डिप्लॉय संध्याकाळी असलं की दुपारीच इंजिन लावते.

आणि हो, टॉयलेट. कॅसेट प्रकारात साधारण २० लिटरचा डबा असतो. तो दर तीन-चार दिवसांनी आपल्या हाताने नेऊन ठरलेल्या ठिकाणी रिकामा करायचा. हे वाचून नाक मुरडलं असेल, तर निर्णय झाला. लाखो रुपये वाचले.

थंडीत कोळसा-लाकडाची शेगडी लागते. मस्त ऊब येते. पण धुराडं तुंबलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. अलार्म २०१९ पासून सक्तीचा आहे. बटण दाबून तो नियमित तपासा, आणि थंडी वाजली तरी हवेच्या जाळ्या कापडाने बंद करू नका.

घ्यायचीच असेल तर

बोटीला सातबारा नसतो. मालकीची सरकारी सक्तीची नोंद नाही, म्हणून आधीच्या विक्रीच्या पावत्यांची साखळी मागा. बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरकडून तपासा. नव्या बोटीचं पोलाद साधारण तळाला १० मिलिमीटर, बाजूंना ६, केबिनला ४ असतं. खालचा पत्रा गंजून ४ च्या खाली गेला, तर विमा कंपन्या कुरकुर करतात आणि वरून नवा पत्रा मारायचा खर्च येतो. दर दोन-तीन वर्षांनी तळाला काळा रंग लावावा लागतो. घरासारखं स्वस्त गृहकर्ज मिळत नाही. आणि जमिनीसारखी किंमत वाढत नाही, बोट जुनी होत जाते.

मग मी का राहते? माझं ऑफिस बोटीबरोबर फिरतं, मला हाताने कामं करायला आवडतात, आणि सकाळी खिडकीखालून बदकं जातात. पण हे माझं गणित. तुमचं ऑफिस आठवड्यात चार दिवस बोलावत असेल, तर वाचलेलं भाडं प्रवासात, पाणी भरण्यात आणि रविवारच्या लॉकांत जाईल.

पैसे भरण्याआधी एकच करा. ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभरासाठी बोट भाड्याने घ्या. जूनमध्ये नको, जूनमध्ये सगळ्यांनाच प्रेम होतं. पावसात लॉक चालवा, डबा रिकामा करा, सकाळी थंड शेगडी पेटवून नऊच्या मीटिंगला बसा. शनिवारी परत करताना वाईट वाटलं, तर सर्व्हेअरला फोन लावा.

काही विचारायचं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!